पाच मंगळवारांचं अळणं

आमच्या गावात मला ‘कशी आहेस’ असं कोणी विचारत नाही. ‘गोळी घेतली का’ असं विचारतात. किराणा दुकानदार विचारतो, अंगणवाडीची बाई विचारते, ज्याने जन्मात पोट साफ करण्यापलीकडे कुठली गोळी घेतली नाही तोही विचारतो. मी हसले की समोरच्याची नजर माझ्या नवऱ्याकडे जाते. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं म्हणून मी त्याला दारात उभं करून झापलं, तर तो पाणी घालायचं सोडून दुपारी शेतावर गेला आणि नवऱ्याला सांगून आला, की वहिनीचं पुन्हा सुरू झालं वाटते. दुधातलं पाणी राहिलं बाजूला. मला बायपोलर आहे हे कळल्यापासून माझा राग माझा राहिलेला नाही, तो आजाराच्या नावावर जमा होतो. मी लहानपणापासून तिखट जिभेची आहे आणि आजार चाळिशीत आला, पण हे कोणाला सांगणार.

माझा धंदा लांब पोळीचा. आमच्याकडे ती सांगावी लागत नाही, पण दूरच्या कोणी हे वाचलंच तर सांगून ठेवते. चुलीवर मातीचं मडकं उपडं घालायचं. गव्हाची कणीक मिठाच्या पाण्याने इतकी तिंबायची की ती रबरासारखी ताणली जावी. मग तिचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि रुमालासारखा त्या तापल्या मडक्यावर पसरायचा. हात अडखळला तर पोळी फाटते, थरथरला तरी फाटते. लग्नसराई आणि आमरसाचे दिवस आले की साकोलीपर्यंतची माणसं माझ्याकडे सांगून ठेवतात. उन्हाळाभर मी चुलीपुढेच असते.

आजार पहिल्यांदा आला तो आनंदाचं सोंग घेऊन आला. एका उन्हाळ्यात मला झोपेची गरजच वाटेनाशी झाली. मडकी आणली ती इतकी, की घरी काय कार्य आहे हे विचारायला कुंभार स्वतः आला. अंगणात चुलींची रांग मांडली. हायवेच्या कडेला लावायला ‘लांब पोळी केंद्र’ असा बोर्ड रंगवायला टाकला, साकोलीच्या एका साहेबाला उद्घाटनाचं आमंत्रण देऊन आले, आणि ट्रकवाल्यांना हात दाखवून थांबवलं, फुकट पोळ्या खाऊ घातल्या. त्या दिवसांत गावातलं कोणी म्हणालं नाही की ही बाई आजारी आहे. उलट काय उत्साह, काय हिंमत असं म्हणून सगळे पंगतीला बसले. पुढे मी भिंतीकडे तोंड करून पडले, आंघोळही नकोशी झाली, तेव्हा त्याच तोंडांनी सांगितलं की नाटकं करते. गव्हात पोरकिडे झाले. सासू ते गहू उन्हात घालायची आणि मधूनमधून माझ्या दारात येऊन नुसती उभी राहायची. सून आता कामाची राहिली की नाही याचा हिशेब करते आहे, असं मी धरून चालले होते.

शेवटी भंडाऱ्याच्या एका डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं आणि लिथियमची गोळी लिहून दिली. मधूनमधून रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, गोळी चुकवायची नाही, उपास करायचे नाहीत. नवऱ्याने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. तो मान डोलावण्यात तरबेज आहे, लग्नाच्या बोलणीतही त्याने तेवढंच केलं होतं.

गोळीने मला जमिनीवर आणलं. हात किंचित थरथरायचे, पण त्याची सवय झाली आणि पोळ्या पुन्हा अखंड उतरायला लागल्या. झोप झोपेच्या वेळी यायची, भूक भुकेच्या वेळी लागायची. ज्याचं हे कधी हरवलं नाही त्याला त्याची किंमत सांगून उपयोग नाही. ही गोळी बंद झाली तर मी पुन्हा हायवेवर ट्रक थांबवीन किंवा पुन्हा भिंतीकडे तोंड करीन, आणि दुसऱ्यांदा परत येईनच असं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकी तीच गोळी सगळ्यांच्या डोळ्यात खुपत होती.

आधार द्यायला मात्र रीघ लागली. एक चुलत दीर रोज सकाळी मोबाईलवर उगवत्या सूर्याचं चित्र पाठवायचा आणि खाली लिहायचा की सर्व काही मनाचा खेळ आहे. हा गृहस्थ तंबाखूचा बार भरल्याशिवाय खाटेवरून पाय खाली टाकत नाही. एका मावशीने सांगितलं, दुसऱ्यांची दुःखं पाहा म्हणजे तुझं लहान वाटेल, आणि मग दुपारभर स्वतःची दाखवत बसली. तालुक्याला मानसिक आरोग्याचा कार्यक्रम होता, तिथेही मी गेले. पाहुणे उशिरा आले, सत्कार झाले, आणि वक्त्याने सांगितलं की सदैव हसत राहा. मी हसले की काय होतं हे त्याला कोण सांगणार. कार्यक्रमाच्या शेवटी प्रत्येकाला जास्वंदीचं एक रोप दिलं, ते घरी आणलं तर शेळीने खाल्लं. त्या दिवशी झालाच तर शेळीला फायदा झाला.

या सगळ्यांवर कडी केली नणंदेने. ती नवऱ्याची मोठी बहीण, दिली आहे तुमसरच्या पुढे नाकाडोंगरीकडे. ती बोलायला लागली की समोरच्याने फक्त हुंकार भरायचा असतो. होळी झाल्यावर ती आली ती देवी घेऊनच आली.

“आमच्याकडं जंगलाच्या काठाले देवीचं ठाणं हाये,” ती म्हणाली. “पाच मंगळवार होईपर्यंत बाईनं रोज अळनं खावाचं. पाचव्या मंगळवारी गोळ्या देवीच्या पायाशी ठेवाच्या आन् घरी यावाचं. मंग गोळीचं नावच नाई.”

“आन् नाई बरं वाटलं तं?” मी विचारलं.

“तं तुह्या मनात खोट हाये म्हनाचं.”

म्हणजे देवी नापास होणार नव्हती. झाले तर मीच होणार होते.

नवऱ्याला तेवढ्यात डॉक्टरचं एक वाक्य आठवलं, ही त्याची कमाल. “पन उपास कराचा नाई म्हनून सांगतलं हाये ना डॉक्टरनं.”

“उपास कोन कराले सांगून राहिलं?” नणंद म्हणाली. “पोटभर जेवाचं. भात खा, वरन खा, अंडे बी खा. फक्त मीठ नाई. याले उपास म्हनते का कोनी?”

यावर आमच्या ओसरीत जो काथ्याकूट झाला तो कोर्टात झाला नसता. शेजारचे आले, एका निवृत्त गुरुजींना मुद्दाम बोलावलं. गुरुजींनी चहा घेतला आणि निकाल दिला. उपास म्हणजे अन्नाचा त्याग. मीठ हे अन्न नव्हे, अन्नात घालायची वस्तू आहे. सबब अळणं खाणं हा उपास होत नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. डॉक्टरचाही शब्द राहिला आणि देवीचाही राहिला. डॉक्टरला एक फोन करून विचारावं असं कोणाच्याच मनात आलं नाही, कारण प्रश्न सुटला होता.

मी कबूल का झाले? गोळीसाठी. नाही म्हटलं असतं तर त्याच दिवशी गोळ्या उचलून नेल्या असत्या. पाच मंगळवार होईपर्यंत तरी त्या माझ्या हातात राहणार होत्या. आणि पाचव्या मंगळवारी देवीच्या पायाशी रिकामी पाकिटं ठेवून यायचं हे मी मनात ठरवून टाकलं होतं. देवीला त्याचा राग येईल असं मला वाटलं नाही. तिच्यापुढे माणसं याहून पोकळ गोष्टी ठेवून जातात. मीठच सोडायचं आहे ना, सोडलं, असं म्हणून मी पोळ्यांच्या कामाला लागले.

पहिल्या दिवशी सासूने वरणाचा एकच गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर ठेवला. नवऱ्याच्या ताटात वरून मीठ वाढलं, स्वतःच्या वाढलं नाही.

“तुमी कायले?” मी विचारलं.

“दोन दोन गंज कोन मांडते? मी बी तेच खाते.”

मी म्हटलं, कंटाळा. एवढ्या वर्षांत म्हातारीला कामाचा कंटाळा करताना मी पाहिलं नव्हतं, पण मला ते कारण सोयीचं होतं. अळण्या वरणाला ओल्या फडक्याची चव असते. आम्ही दोघी समोरासमोर बसून ती चव गिळायचो आणि एकमेकींकडे बघायचो नाही.

ते दिवस लग्नसराईचे. ऊन असं की दुपारी कुत्री नालीत जाऊन बसायची. मी सकाळपासून चुलीपुढे, पदर घामाने ओला, तहान भागता भागत नाही. दोन मंगळवार गेले. तिसऱ्याच्या सुमाराला हात जास्त थरथरायला लागले. पोळी कोपरापर्यंत यायची आणि मडक्यावर पडायच्या आत फाटायची. मी कणकेला शिव्या दिल्या, गव्हाला दिल्या. चालताना झोक जायला लागला. पोट बिघडलं. नणंदेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, गुण येऊन राहिला, आतलं वाईट बाहेर पडून राहिलं. नवऱ्याने मान डोलावली.

चौथ्या मंगळवारी दुपारी एका घरच्या पोळ्या करत होते. गोळा हातावर घेतला आणि हात माझे राहिले नाहीत. खांद्यापासून हलायला लागले, मग जबडा हलायला लागला. कणीक चुलीत पडली. मी भिंतीला टेकून खाली बसले. पोळ्या न्यायला आलेली बाई माझ्याकडे बघत राहिली आणि तिने ओरडून गल्लीला सांगितलं की देवी आली.

पुढचं सांगायला मला आजही संताप येतो. बघता बघता अंगण भरलं. कोणी माझ्या कपाळाला हळदकुंकू फासलं, कोणी पायावर पाणी घातलं, कोणी नारळ आणला. वर्षभर ज्या बाया मला पाहून पोरांना घरात ओढायच्या, त्याच पदर पसरून बसल्या. एकीने विचारलं, माय, माह्या पोट्ट्याचं लगन कधी जुळन. दुसरीने विचारलं, बोअर कोणत्या कोपऱ्यात खोदू. मला शौचाला जायचं होतं. जीभ लाकडासारखी झाली होती, शब्द निघत नव्हता. नाही म्हणून मान हलवावी तर मान हलवणं हेच देवीचं लक्षण, त्या आणखीच पाया पडायच्या. उठायला बघितलं तर चौघींनी धरून बसवलं, की देवी जाऊन राहिली, थांबवा. कालपर्यंत मी पागल होते आणि आज देवी झाले. मधे आजारी माणूस नावाची एक साधी जागा असते, तिथे मला कोणी बसवायला तयार नव्हतं.

सासू शेण टाकून आली ती बादलीसकट त्या बायांच्या मधे घुसली. तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, डोळे पाहिले, मग लुगड्याचा वास घेतला.

“सरका,” ती म्हणाली. “देवी नाई आली. हिले हगवन लागली हाये.”

“असं बोलू नोको, बुढे, देवीचा कोप होईन,” एक बाई म्हणाली.

“होऊ दे.”

तिने मला काखेत हात घालून उचललं, संडासात नेलं, धुतलं, लुगडं बदललं. तिचे हात शेणाचे होते आणि मी हगवणीने माखलेली. मग नवऱ्याला म्हणाली, गाडी बोलाव. तो म्हणाला, आई, आज मंगळवार हाये, देवीचा दिवस हाये, उद्या सकाळी नेऊ. ती म्हणाली, मंगळवार गेला चुलीत.

भंडाऱ्याच्या डॉक्टरने रक्त घेतलं, हात-पाय तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “मीठ बंद केलं होतं का?”

“उपास नाई केला साहेब,” नवरा म्हणाला. “पोटभर जेवत होती.”

“मी मीठ विचारलं.”

“अळनं होतं. पन ते उपासात येत नाई.”

गुरुजींचा निकाल डॉक्टरला माहीत नव्हता. मग त्याने समजावून सांगितलं. शरीरात मीठ कमी पडलं की शरीर ही गोळी बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं, आणि मग औषधाचं विष होतं. त्यात उन्हाळा, चुलीचा घाम आणि जुलाब. आणखी उशीर केला असता तर मूत्रपिंडं गेली असती, कदाचित बाईही गेली असती. गोळी तूर्त थांबवायची, रक्त ठीक आलं की कमी प्रमाणात पुन्हा सुरू करायची, आणि घरी सगळ्यांसारखं मिठाचं जेवायचं. माझ्या हाताला सुई लावून बाटली टांगली. सासूने नर्सला विचारलं, बाटलीत काय हाये. नर्स म्हणाली, मिठाचं पाणी. म्हातारी त्या बाटलीकडे बघत खाली फरशीवर बसून राहिली. रात्रीही तिथेच होती.

मी वाचले. आता या लोकांना अक्कल येईल असं मला वाटलं, ही माझी भाबडी समजूत. गावात बातमी पसरली ती अशी, की गोळीने बाई मरता मरता वाचली. मिठाचं नाव कोणी काढेना. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. नणंदेचा फोन आला, “मी म्हनत नवती? गोळी जहर हाये. देवीनं जहर बाहेर काढून देल्लं. आता पाचवा मंगळवार करून टाका आन् गोळ्या ठेवून या.” गुरुजींनीही मान्य केलं की अनुष्ठान अर्धवट सोडणं बरं नव्हे.

मीठ पोटात गेलं तशी दोन दिवसांत रक्ताची तपासणी ठीक आली. डॉक्टरने फोनवर सांगितलं, उद्यापासून अर्धी गोळी सुरू करा. नवऱ्याने हो साहेब म्हटलं, आणि गोळ्यांचं पाकीट नेऊन आईजवळ दिलं. मी मागितली तर म्हणाला, “मंगळवार होऊ दे. आई ठरवन.” सासूने ते पाकीट पदराच्या गाठीत बांधलं. दिवसभर ती गाठ तिच्या कमरेला खोचलेली असायची. मी तिच्याकडेही मागितली. ती म्हणाली, थांब.

मी थांबले, पण माझं डोकं थांबलं नाही. झोप पातळ झाली. पहाटेच जाग यायला लागली, आणि वाईट म्हणजे ताजीतवानी जाग यायला लागली. एका सकाळी मी अंगणात उभी होते आणि मला हायवेवरचा तो बोर्ड दिसायला लागला. मागच्या वेळी पांढरा रंगवला ही चूक झाली, पिवळा हवा होता. पिवळा किती सुंदर दिसेल. आणि मी डोळे गच्च मिटून घेतले, कारण तो खरोखरच फार सुंदर वाटत होता. इतकी भीती मला हगवणीत वाटली नाही, दवाखान्यात वाटली नाही. दवाखान्यात मी मेले असते तर मी म्हणून मेले असते. आता मी जिवंत राहणार होते आणि माझ्या जागी ती ट्रक थांबवणारी बाई येऊन बसणार होती, आणि सगळे तिला म्हणणार होते, पाहा, किती आनंदात आहे, गुण आला. मी कुठे हसू नये म्हणून तोंड बांधल्यासारखी वावरत होते. पदराच्या त्या गाठीकडे बघून मला चोरी करावीशी वाटायची.

पाचव्या मंगळवारी आम्ही काळीपिवळी जीपने तुमसर आणि तिथून पुढे गेलो. मी, नवरा आणि सासू. सासूच्या मांडीवर डबा होता. मी विचारलं, यात काय हाये, तर ती म्हणाली, जेवन. एवढंच. बाकी रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती आणि मला वाटत होतं, ही बाई मला स्वतःच्या हाताने विकायला नेते आहे. त्या वेळी मला तिचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा नणंदेचाही वाटला नाही. नणंद मूर्ख होती. सासूने डॉक्टरचं बोलणं कानाने ऐकलं होतं, ती बाटली डोळ्यांनी पाहिली होती.

ठाणं म्हणजे मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड. नणंद आधीच येऊन बसली होती, सोबत तिची जाऊ आणि चार बाया. पुजारी होता, नारळ होता. माझा रोग संपताना बघायला सगळे नटून आले होते.

“ठेव आई गोळ्या,” नणंद म्हणाली.

सासू खाली बसली. मला हाताला धरून शेजारी बसवलं. तिने डबा उघडला. आत वरणभात होता आणि एका वाटीत कैरीचं लोणचं. तिने बोटांनी भात कालवला, त्यावर लोणच्याची मोठी फोड ठेवली आणि घास माझ्या तोंडापुढे धरला.

“खाय.”

“आई, ते लोनचं हाये,” नणंद म्हणाली.

“मले माहीत हाये. म्याच घातलं ते.”

मी तोंड उघडलं. खारट रस जिभेवर आला आणि मला रडू फुटलं, त्या सगळ्या बायांसमोर, नाकातोंडातून. सासूने दुसरा घास भरवला, तिसरा भरवला. मग पदराची गाठ सोडली, पाकिटातून गोळी काढली, डॉक्टरने सांगितली होती तशी अर्धी मोडून माझ्या तळहातावर ठेवली आणि डब्याच्या झाकणात पाणी ओतून दिलं. देवीच्या डोळ्यांदेखत मी ती गिळली.

मग सासू दगडाकडे वळली. हात जोडले नाहीत. बांधावर उभ्या असलेल्या शेजारणीशी बोलावं तशी ती बोलली.

“माय, हिनं अळनं सोडलं. म्या नाई सोडलं. पह्यल्या दिवसापासून मी बी खाऊन राहिली, तुले माहीत हाये. आता हिच्या वाट्याचं बी मीच खाईन, जीव हाये तवरीक. हिच्या गोळ्या मागू नोको. राग असन तं माह्यावर काढ.”

नणंद म्हणाली, “आई, असं चालत नसते.”

“चालते,” सासू म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. “नारळ फोडून घ्या तुमी. आमाले गाडी हाये.”

याला पाऊणएक वर्ष झालं. माझी गोळी मला मिळते, सासू स्वतःच्या हाताने देते, आणि नवरा बाजूला उभा राहून मान डोलावतो. नणंद अजून येते, पण देवीचा विषय काढत नाही. उगवत्या सूर्याची चित्रं चालूच आहेत. पोळ्या अखंड उतरतात. गावाने मला देवीवरून परत पागल केलं, त्याला माझी हरकत नाही.

पण म्हातारी अळणं जेवते. रोज, दोन्ही वेळ. मी वरणात मीठ घालायच्या आधी तिच्यापुरतं वेगळं काढून ठेवते. एकदा न सांगता चिमूटभर घातलं, तर पहिल्याच घासाला तिने ताट सरकवलं आणि उपाशी उठली. सणाला सगळं घर चापून जेवतं आणि ही कोपऱ्यात बसून पांढरा भात चिवडते. मला याचा भयंकर राग येतो. जगात मला आधार देणारे म्हणून जे जे आले त्यांनी सल्ले दिले, रोप दिलं, देवी दिली, आणि त्यातलं काहीही त्यांच्या स्वतःच्या ताटातून कमी झालं नाही. हिने दिलं ते असं दिलं की मला ते फेडता येत नाही आणि फेकताही येत नाही. कधी गोळीचा कंटाळा येतो, तोंड कडू होतं, वाटतं आज राहू दे. मग समोर हिचं ताट दिसतं. याला आधार म्हणायचं की ओलीस धरणं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा मी तिच्याशी भांडले. म्हटलं, “आई, पुरे झालं आता. त्या दगडात काई देवीबिवी नसते. मीठ खात जा.”

“नसन,” ती म्हणाली. “पन तू तं हायेस.”

आणि अळणं वरण भातावर ओढून तिने जेवायला सुरुवात केली.